अटी लागू

माझी भाची बेळगावची. बेंगळुरूत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला इथल्या एका संशोधन संस्थेत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. तिथले लोक संगणक-सुरक्षेवर जे शोधनिबंध लिहितात, त्यांचे दीड-दीड मिनिटाचे व्हिडिओ करायचे, हे तिचं काम. स्क्रिप्ट तिची, चित्रं तिची, आवाजही तिचाच. रविवारी ती आमच्याकडे मल्लेश्वरमला जेवायला यायची आणि हात धुतले की आठवड्याची स्क्रिप्ट माझ्या आईला वाचून दाखवायची.

एका रविवारी विषय होता मेसेजचं एन्क्रिप्शन. मेसेज निघतानाच कुलूपबंद होतो, किल्ली दोन टोकांच्या फोनमध्येच असते, मधल्या कुणालाही तो वाचता येत नाही, अगदी ॲप चालवणाऱ्या कंपनीलासुद्धा नाही, असं सगळं तिनं छान मांडलं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'म्हणजे तुमचा मेसेज तुम्ही आणि समोरचा माणूस, एवढेच वाचू शकता.'

आईनं चष्मा वर केला. "अगं, पण माझा फोन तर घरात सगळेच उघडतात. सकाळी तूच नाही का उघडलास?"

भाची हसली आणि मग गप्प झाली. पेन काढून तिनं त्या वाक्याच्या आधी लिहिलं, 'फोन फक्त तुमच्याच हातात राहत असेल, तर'. सोमवारी संस्थेत ते कापलं गेलं. व्हिडिओ ९० सेकंदांचा ठरलेला, या एका वाक्यानं तो ९४ वर जात होता. शिवाय शेवट पडतो, असंही तिला सांगण्यात आलं.

शेवट पडतो हे खरंच आहे. 'जर-तर' आलं की टाळीचं वाक्य लंगडं होतं. तरीही माझं म्हणणं असं, की त्या ९४ सेकंदांतला सर्वांत मोलाचा भाग ती कापलेली चार सेकंदंच होती. सुरक्षेचं संशोधन लोकांना समजावणं म्हणजे मुख्यतः त्याच्या अटी समजावणं, आणि ते काम व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्याचं आहे. त्याला ते करू दिलं जात नसेल, तर ती इंटर्नशिप जाहिरातीच्या कामाची झाली.

हे पटायला सुरक्षेचं संशोधन नेमकं काय करतं ते पाहावं लागेल. पूल बांधणाऱ्याला नदी ठाऊक असते. पूर येतो, पण पुलाला कुठून धडक द्यावी याचा विचार नदी करत नाही. सुरक्षेत समोर विचार करणारा माणूस असतो. म्हणून 'ही पद्धत सुरक्षित आहे' असं विधान तिथे एकटं उभंच राहू शकत नाही. कुणापासून सुरक्षित? त्याच्या हातात काय आहे असं धरलं आहे? त्याला किती वेळ मिळतो? या प्रश्नांची उत्तरं आधी लिहायची आणि मग 'एवढं गृहीत धरलं तर' म्हणून निष्कर्ष काढायचा, अशी या शास्त्राची रीत आहे. चांगल्या शोधनिबंधात गृहीतकांना स्वतंत्र प्रकरण असतं, आणि बहुतेक वेळा जाणकार आधी तेच उघडतात.

उदाहरण घरातलंच घेऊ. आपापली माहिती उघड न करता अनेकांनी मिळून हिशेब कसा करायचा, हा या क्षेत्रातला एक सुंदर प्रश्न. अँड्र्यू याओ यांनी १९८२ साली तो दोन लक्षाधीशांच्या रूपात मांडला. दोघांपैकी अधिक श्रीमंत कोण ते ठरवायचं, पण संपत्तीचा आकडा कुणी सांगायचा नाही. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्येही या विषयावर काम झालं आहे. त्याचं सगळ्यात सोपं रूप भिशीच्या चार बायकांना दाखवता येतं. चौघींची मिळून महिन्याची शिल्लक किती ते काढायचं आहे, पण आपला आकडा कुणालाच सांगायचा नाही. पहिली मनात एक गुप्त संख्या धरते, समजा १०००. तिची शिल्लक ३००. चिठ्ठीवर ती १३०० लिहून दुसरीला देते. दुसरी आपले ४५० मिळवते, १७५० झाले. तिसरी २५० मिळवून २००० करते, चौथी ५०० घालून २५००. चिठ्ठी पहिलीकडे परत येते, ती मनातले १००० वजा करते. बेरीज १५००, आणि कुणाचाच आकडा फुटला नाही.

इथे व्हिडिओ थांबला तर लोक खूश होतील. पण पहिली आणि तिसरी संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी भेटल्या, पहिलीनं सांगितलं मी १३०० लिहून पुढे दिले, तिसरी म्हणाली माझ्याकडे १७५० आले, की मधलीचे ४५० उघडे पडले. म्हणजे युक्ती खरी, पण अलीकडची आणि पलीकडची एकमेकींना फितूर नसतील तर. शिवाय चौघी खरे आकडे घालतील, हेही धरलेलं आहेच. ही फितुरी कशी झेलायची, यावर पुढचं कितीतरी संशोधन उभं आहे. अट गाळली की संशोधकांनी इतकी वर्षं केलं काय, हेच प्रेक्षकाला कळत नाही. त्याला एक जादूचा खेळ पाहायला मिळतो आणि तो घरी जातो.

अट गळण्याची किंमत सार्वजनिक आयुष्यात किती मोठी असते, याचं आपल्याकडचं उदाहरण मतदान यंत्राचं आहे. आपली ईव्हीएम दोन सरकारी कंपन्या बनवतात, बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल. २०१० साली हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंग्राइप यांनी एका खऱ्या यंत्राचा अभ्यास केला आणि शोधनिबंधासोबत त्याचा व्हिडिओही प्रसिद्ध केला. त्यांनी दोन गोष्टी करून दाखवल्या. यंत्रातला आकडे दाखवणारा भाग बदलून तिथे तसाच दिसणारा, पण फोनवरून हुकूम घेणारा भाग बसवता येतो, ही एक. मतदान आणि मतमोजणी यांच्या मधल्या काळात स्मृतीच्या चिपला एक छोटं उपकरण चिमट्यासारखं लावून मतं बदलता येतात, ही दुसरी. दोन्हींची अट एकच होती. यंत्र काही काळ हल्लेखोराच्या हाती पडलं पाहिजे.

शोधनिबंध वाचणारे थोडे, व्हिडिओ पाहणारे पुष्कळ. तो हातोहात फिरता फिरता एका बाजूला उरलं, 'फोनवरून ईव्हीएम हॅक होतं.' आधी कुणीतरी यंत्र उघडून आतला भाग बदलावा लागतो, हे गळालं. दुसऱ्या बाजूला उरलं, 'यंत्र अभेद्य आहे.' कोठारापासून मतमोजणीच्या टेबलापर्यंत यंत्राची राखण अखंड राहिली तर, हे तिथून गळालं. दोन्ही बाजूंनी आपापली अट टाकून दिली आणि मग वर्षानुवर्षं दोन बिनशर्त वाक्यं एकमेकांवर आदळत राहिली. खरा वाद राखणीच्या साखळीचा होता. ती किती पक्की आहे आणि ती तुटली तर मतदाराला ते कसं कळेल, या प्रश्नावर शांतपणे बोलता आलं असतं.

पुढचा इतिहास नोंदलेला आहे. अभ्यासलं गेलेलं यंत्र मुंबईतून चोरीला गेल्याच्या प्रकरणात ऑगस्ट २०१० मध्ये हरी प्रसाद यांना हैदराबादेत अटक करून मुंबईत आणलं गेलं, नंतर त्यांना जामीन मिळाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कागदी पडताळणीची सोय आवश्यक ठरवली, आणि २०१९च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर सगळीकडे आली. कुणाची बाजू बरोबर, हा इथला मुद्दा नाही. कागदाची चिठ्ठी हे त्या गळालेल्या अटीलाच दिलेलं उत्तर होतं. राखण चुकलीच, तर पडताळून पाहायला काहीतरी हातात असावं. ज्यांना अट समजली, त्यांना उपाय दिसला.

आता विद्यार्थ्याकडे येऊ. हे काम अनुभवी संशोधकानं का करू नये? कारण संशोधकाला आपली गृहीतकं दिसायची बंद झालेली असतात. 'एक फोन, एक माणूस' हे ज्यानं हजारदा धरून चाललं, त्याला ते गृहीतक आहे हेच आठवत नाही. पश्चिमेत बहुतेक ठिकाणी ते खपूनही जातं. दक्षिण आशियातल्या स्त्रिया फोन कसा वापरतात, यावर निथ्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोन घरात फिरतो, नवरा-सासू-मुलं तो मागतात, नाही म्हणणं अवघड असतं. म्हणून बायका एखाद्या ॲपलाच कुलूप लावतात, नेमका तेवढाच मेसेज पुसतात, काही गोष्टी फोनवर करतच नाहीत. माझ्या आईनं चष्मा वर करून जे म्हटलं, त्याचाच हा शास्त्रशुद्ध विस्तार. विद्यार्थी नुकता या विषयात शिरलेला असतो, एक पाय अजून घरात असतो. अट कुठे बोचते ते त्याला आठवतं, कारण ती त्याला कालच बोचली आहे.

याची पद्धत बांधता येते, आणि आपल्याकडे ती बांधलेली आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा केला. संगणकाची मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यांच्या कामात एक पायरी अशी आहे, की स्क्रिप्ट लिहून झाली की विषय अजिबात न येणाऱ्या माणसाला ती द्यायची, त्यानं ती वाचत वाचत काम करून पाहायचं आणि तो जिथे अडेल तिथे स्क्रिप्ट दुरुस्त करायची. तज्ज्ञाची तपासणी असतेच, पण नवख्याची तपासणीही पद्धतीतच बसवलेली. माझ्या भाचीनं आईला स्क्रिप्ट वाचून दाखवली, ती हीच पायरी होती. फरक इतकाच, की तिच्या संस्थेत या पायरीला जागा नव्हती. अडलेल्या जागेची दुरुस्ती वरिष्ठानं घड्याळ पाहून खोडली.

बेंगळुरूला तर याहून जुना धडा हाताशी आहे. २००५ साली इथे मायक्रोसॉफ्ट रिसर्च सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी तिथे रिकीन गांधी यांनी शेतीच्या व्हिडिओंचा एक प्रयोग आरंभला, पुढे 'डिजिटल ग्रीन' म्हणून तो स्वतंत्र संस्था झाला. कर्नाटकातल्या १६ गावांत १३ महिने चाचणी झाली. निम्म्या गावांत नेहमीची शेती-विस्तार योजना, निम्म्यांत व्हिडिओ. व्हिडिओत त्याच भागातले शेतकरी होते. काही पद्धती स्वीकारण्याचं प्रमाण सहा ते सात पट वाढलं, आणि एका शेतकऱ्यानं नवी पद्धत उचलावी यासाठी येणाऱ्या खर्चाचा हिशेब धरला, तर ही रीत निदान दहापट परिणामकारक ठरली.

या आकड्यांच्या मागे एक साधी गोष्ट होती, आणि ती हमखास विसरली जाते. व्हिडिओ नुसता लावून दिला जात नव्हता. गावातलाच एक माणूस तो दाखवायचा, मध्येच थांबवायचा आणि विचारायचा, 'हे आपल्या रानात जमेल का?' त्या थांबण्यात अटी बाहेर येतात. माती वेगळी, पाणी वेगळं, बैलजोडी नाही. 'जमेल, पण...' या 'पण'मध्येच शेतीचं ज्ञान आहे आणि सुरक्षेचंही. फोनवर बोटानं सरकत जाणाऱ्या दीड मिनिटाला थांबवणारं कुणी नसतं. म्हणून तिथे थांबण्याची जागा स्क्रिप्टमध्येच ठेवावी लागते.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत.

पहिला असा, की सामान्य माणसाला जर-तर नको असतं, त्याला एक सरळ सूचना हवी असते. यात तथ्य आहे. काही सत्यांना अट नसतेच. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. अशी वाक्यं छोटीच हवीत, भिंतीवर रंगवावीत इतकी छोटी. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल सावध केलं, तेही थांबा, विचार करा, मग कृती करा अशा मोजक्या शब्दांत. पण बिनशर्त सत्य कोणतं आणि अटीचं कोणतं, हे आधी कुणीतरी निवडलं पाहिजे. धान्य पाखडणाऱ्या बाईला खडा आणि दाणा वेगळा दिसतो, तशी ही नजर आहे. ती शिकणं हाच इंटर्नशिपचा खरा अभ्यासक्रम. व्हिडिओ जोडण्याचं सॉफ्टवेअर आठवड्यात येतं.

दुसरा आक्षेप : अटी सांगणं म्हणजे चोराला वाट दाखवणं. कुलूप कधी उघडतं हे सांगितलं, की उघडणारे येणारच. या क्षेत्रानं यावर रीत शोधली आहे. दोष आधी संबंधितांना कळवायचा, दुरुस्तीला अवधी द्यायचा, मग जाहीर बोलायचं. २०१७ साली बेल्जियमच्या माथी व्हॅनहूफ यांना वायफायच्या संरक्षणातच मोठा दोष सापडला. कंपन्यांना काही महिने आधी कळवून त्यांनी ऑक्टोबरमध्ये तो जाहीर केला, सोबत हल्ल्याचा व्हिडिओ दिला आणि प्रश्नोत्तरांत स्पष्ट सांगितलं की हल्लेखोर तुमच्या वायफायच्या टप्प्यात असावा लागतो, पासवर्ड बदलून उपयोग नाही, उपकरण अद्ययावत करा. अटी सांगितल्या म्हणून लोकांना काय करायचं आणि काय करणं व्यर्थ आहे, ते दोन्ही कळलं. चोराला वाट बहुधा आधीच ठाऊक असते. घरमालकाला नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो, कारण तो माझ्याच बाजूनं येतो. 'समजावणं' ही जबाबदारी झटकण्याचीही युक्ती असते. यंत्रणा कच्ची ठेवायची आणि लोकांना जागरूकतेचे व्हिडिओ दाखवायचे. मग फसलेल्याला म्हणायचं, सांगितलं होतं ना? यूपीआयमध्ये 'पैसे मागण्याची' सोय होती. भामटे मागणी पाठवायचे आणि 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणायचे. किती वर्षं किती जणांनी समजावलं! शेवटी ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच बंद झाली. जे समजावून सुटलं नाही, ते रचना बदलून सुटलं.

पण याच आक्षेपात माझ्या मुद्द्याचं बळ आहे. स्क्रिप्ट लिहिताना एखादी अट वारंवार आडवी येत असेल आणि ती सांगितल्याशिवाय वाक्य खरं होत नसेल, तर दोष वाक्यात नसून यंत्रणेत असण्याची शक्यता मोठी. 'हे सुरक्षित आहे, जर आजीनं गडबडीत पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचली तर' अशी अट लिहावी लागली, की लिहिणाऱ्यानं लेखणी खाली ठेवून संशोधकाच्या दारावर टकटक करायला हवी. समजावता न येणं हीसुद्धा संशोधनाला मिळालेली माहिती आहे. व्हिडिओ करणारं पोर संस्थेच्या शेपटाला बांधलेलं असेल, तर ही माहिती डोक्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून इंटर्नशिपलाही अटी लागू व्हाव्यात. विद्यार्थ्याला शोधनिबंधाच्या लेखकाला थेट भेटता यावं आणि 'मला हे समजलं नाही' म्हणण्यानं त्याचे गुण कमी होऊ नयेत. विषयाबाहेरच्या एका तरी माणसानं स्क्रिप्ट ऐकल्याशिवाय ती पुढे जाऊ नये. व्हिडिओवर त्याचं नाव असावं. १९८९च्या एका परिषदेत झां-झाक किस्कातेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, काहीही उघड न करता आपल्याला गुपित माहीत असल्याचं सिद्ध कसं करायचं, ते अलीबाबाच्या गुहेच्या गोष्टीतून मांडलं. हे मुलांना कसं सांगावं, असंच त्या निबंधाचं नाव होतं, आणि लेखकांच्या यादीत त्यांनी आपल्या मुलांचीही नावं घातली. ज्याला समजावताना समजलं, त्याला श्रेय द्यायची ही रीत त्यांना सुचली होती.

आणि भाषा. देशातलं पहिलं सायबर पोलीस ठाणं २००१ साली बेंगळुरूत सुरू झालं. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सायबर सुरक्षा धोरण आणलं, त्यात जनजागृती हा एक आधारस्तंभ आहे आणि विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपला विद्यावेतनाची तरतूदही आहे. पैसा, धोरण, पोरं, सगळं आहे. पण संशोधन इंग्रजीत होतं, व्हिडिओ इंग्रजीत लिहिला जातो आणि मग कन्नड-मराठीत 'उतरवला' जातो. उतरवताना पहिल्यांदा सांडतात त्या अटीच, कारण अनुवादकाच्या हाती फक्त उरलेलं वाक्य येतं. स्क्रिप्ट आईच्या भाषेत आधी लिहिली, तर आईचा प्रश्न वेळेत येतो.

इंटर्नशिप संपली. भाचीनं तो व्हिडिओ घरी बसून मराठीत पुन्हा केला, कापलेली चार सेकंदं परत घालून. आईच्या भजनी मंडळाच्या बायकांना तिनं तो टीव्हीवर दाखवला आणि त्या अटीपाशी हातानं थांबवला. क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून एक काकू म्हणाल्या, "फोनला कुलूप लावलं, तर घरातले विचारतील ना, काय लपवतेस म्हणून?"

त्या अटीखाली आणखी एक अट निघाली होती. भाचीकडे उत्तर नव्हतं. तिनं वही उघडली, प्रश्न काकूंच्याच शब्दांत उतरवून घेतला आणि समोर लिहिलं, 'गाईडना विचारायचं.'